बदली झाली ना, म्हणून!

वायरलेस सेटवर 'बी' आणि 'डी' यांतला फरक कळत नाही. सेट जरा खरखरायला लागला की 'पी', 'टी', 'ई', 'व्ही' ही सगळी एकाच आईची लेकरं वाटतात. म्हणून आम्ही 'ब्राव्हो' म्हणतो, 'डेल्टा' म्हणतो. १९५६ पासून जगभरची विमानं आणि बहुतेक सैन्यं हीच नावं वापरतात. ती ठरवताना कुणी असं म्हटलं नाही की ऑपरेटर आळशी आहे, त्याचं लक्ष नाही, दोन ठेवून द्या म्हणजे नीट ऐकू येईल. माणसाचा कान असाच असतो हे धरून चाललं आणि अक्षरांची नावं बदलून टाकली.

नकाशाचंही तेच. सहा आकडी ग्रिड रेफरन्स सांगितला की पलीकडच्याने तो परत म्हणून दाखवायचा. आधी ईस्टिंग, मग नॉर्दिंग. इथे दोन आकड्यांची अदलाबदल झाली तर तोफेचा गोळा आपल्याच माणसांवर पडू शकतो. म्हणून रीडबॅक सगळ्यांना, साहेब असो की शिपाई. दमलेला, घाबरलेला माणूस आकडे उलटे करतो, हे फौजेने केव्हाच मान्य केलंय.

आणि हीच फौज संध्याकाळी क्वार्टरवर जाते आणि पोराने वहीत 'बी'च्या जागी 'डी' काढला की त्याचा कान पिरगाळते.

नेहमीच्या वाचकांना माहीत आहे, मी इथे युनिटचं, ठिकाणाचं, माणसांचं नाव लिहीत नाही. आजही लिहिणार नाही. एवढंच सांगतो की ही हकिगत पंजाबातल्या एका छावणीतली आहे आणि ज्यांची आहे त्यांना विचारून लिहितो आहे.

आमच्याकडे एक हवालदार होते, साताऱ्याकडचे. शस्त्र प्रशिक्षणात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. सगळे त्यांना उस्तादच म्हणायचे. फौजेत शिकवण्याची एक जुनी रीत आहे, 'बयान से नमूना'. आधी तोंडाने सांगायचं, सांगता सांगता करून दाखवायचं, मग समोरच्याकडून नक्कल करून घ्यायची, मग सराव. हत्यार खोलायचं, जोडायचं, पुन्हा खोलायचं. पुस्तक लागत नाही, फळा लागत नाही. केडरमध्ये एखादा जवान चौथ्यांदा चुकला तरी उस्तादांचा आवाज चढायचा नाही. "कोई बात नहीं, फिर से देखो," म्हणून ते पाचव्यांदा नमुना द्यायचे. मी एनडीएत आणि नंतर बरेच प्रशिक्षक पाहिले, असा धीर फार थोड्यांकडे पाहिला.

त्यांचा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा, पाचवीत. माझी बायको पूर्वी प्राथमिक शाळेत शिकवायची. छावणीतल्या मुलांसाठी ती आठवड्यातून दोनदा वाचनाचा तास घेत असे. एक दिवस घरी आली ती म्हणाली, "आज एक गंमत झाली. म्हणजे गंमत नाही खरं तर." उस्तादांचा मुलगा हिंदीचा धडा खडाखडा वाचत होता. वाचता वाचता पान संपलं. तो पान उलटायला विसरला आणि वाचन मात्र पुढे चालूच! अख्खा धडा पाठ होता. तिने पुस्तकातलं भलतंच पान काढून दिलं तर पोरगा गप्प. पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत उभा राहिला.

बाकी गडी बोलण्यात तरबेज. मामाच्या म्हशीची गोष्ट सांगायला लागला की मुलं खेळ सोडून ऐकत बसायची.

बायकोने त्याच्या आईवडिलांना बोलावून विषय काढला. उस्ताद म्हणाले, "मॅडम, बदली झाली ना, म्हणून. चार शाळा झाल्या त्याच्या." वर्गशिक्षिकेचंही हेच म्हणणं होतं, 'फौजी बच्चा है, पोस्टिंग की वजह से.' त्याआधी गावच्या गुरुजींनी हेच सांगितलं होतं आणि त्याहीआधी सिकंदराबादच्या बाईंनी. चार शाळांत चार वेळा एकच उत्तर, आणि ते अर्धं खरं होतं. अर्धं खरं कारण फार वाईट, कारण ते मिळालं की पुढे कुणी शोधत नाही.

या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहितो आहे. फौजी घरांत, आणि रेल्वे, बँका, केंद्र सरकारच्या नोकरीतल्या घरांतही, मुलाच्या अभ्यासातल्या प्रत्येक अडचणीवर बदलीचं पांघरूण घालायची सवय लागलेली असते. पांघरुणाखाली काय आहे ते पाहायचं राहून जातं. दर दोन-तीन वर्षांनी नवी शाळा, नव्या बाई, पहिलं वर्ष 'रुळू दे त्याला' म्हणण्यात जातं, दुसऱ्या वर्षी बाईंना शंका येऊ लागते, तोवर मूव्ह ऑर्डर आलेली असते. बाईंची शंका तिथेच राहते, ट्रंका पुढे जातात.

बदलीमुळे मागे पडलेलं मूल आणि डिस्लेक्सिया असलेलं मूल यांत फरक कसा करायचा? पक्कं निदान तज्ज्ञच करणार. पण आईबापांना, बाईंना एक प्रश्न स्वतःलाच विचारता येतो: घरच्या भाषेत, पहिल्या लिपीत मूल कसं वाचतं? बदलीची अडचण बहुधा नव्या भाषेपुरती असते. पंजाबात आलेल्या मराठी मुलाचा गुरमुखीत गोंधळ उडणारच. तिथला 'स' दिसायला आपल्या 'म'सारखा. आमच्या मेसमधल्या मोठमोठ्या साहेबांनाही दुकानाच्या पाट्या वाचताना घाम फुटायचा. पण तेच मूल मराठीतही अडखळत असेल, नुकताच वाचलेला शब्द दोन ओळींनंतर पुन्हा नव्याने फोडत असेल, तर ती गोष्ट वेगळी. उस्तादांच्या मुलाला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. विचारणार कोण? शाळेत मराठी नव्हतं आणि घरी वाचायला सांगितलं की तो पोट दुखतंय म्हणायचा.

डिस्लेक्सिया म्हणजे अक्षरं उलटी दिसणं, असा एक लोकप्रिय समज आहे. डोळ्यांचा संबंध फारसा नसतो. लहानपणी सगळीच मुलं काही काळ अक्षरं उलटी काढतात. अडचण असते ती बोललेल्या शब्दातले सुटे आवाज वेगळे करण्यात आणि ते अक्षरांशी जोडण्यात. बुद्धीशी तिचा संबंध नाही. घराण्यात चालत येते. 'डिस्लेक्सिया' हा शब्द जर्मन नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांनी १८८७ मध्ये वापरला. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका हुशार मुलाबद्दल लिहिलं, ज्याला वाचता येत नव्हतं. त्याच्या मास्तरांचं मत असं होतं की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेत पहिला आला असता. म्हणजे 'बयान' असतं तर! याच घरातल्या इतर अडचणींनाही नावं आहेत. हाताने लिहिण्यात अडचण असेल तर डिस्ग्राफिया, आकड्यांत असेल तर डिस्कॅल्क्युलिया. एकाच मुलात दोन-तीन असू शकतात.

आपल्याकडे आणखी एक गैरसमज भेटतो. आपली लिपी उच्चाराप्रमाणे, जसं बोलतो तसं लिहितो, त्यामुळे हा इंग्रजीवाल्यांचा आजार. इंग्रजी स्पेलिंगने मुलांचे हाल होतात हे खरंच. पण देवनागरी वाटते तेवढी सरळ नाही. 'कि' म्हणताना आधी 'क' म्हणायचा, पण वेलांटी त्याच्या आधी काढायची. 'र' तर बहुरूपी. 'सूर्य'मध्ये डोक्यावर बसतो, 'प्राण'मध्ये पोटात तिरका घुसतो, 'ट्रक'मध्ये खाली छपरासारखा उभा राहतो आणि 'सुऱ्या'मध्ये आणखीनच वेगळा. शिवाय जोडाक्षरं. आपल्या लिपीत हे मूल चुकतं कमी, पण अडखळत, फार हळू वाचतं, आणि हळू वाचणाऱ्याला आपण आळशी म्हणतो. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये 'डाली' नावाच्या चाचण्या आणल्या, हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत. म्हणजे मराठी मुलाला मराठीत तपासायची सोय आहे. (ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका म्हणजे डिस्लेक्सिया नव्हे, हे आत्ताच सांगून ठेवतो. नाहीतर या ब्लॉगच्या लेखकासकट अर्धा महाराष्ट्र सर्टिफिकेट मागायला रांगेत उभा राहील.)

उस्तादांच्या डोक्यात सैनिक स्कूल होतं. साताऱ्याचा माणूस, त्याच्या डोक्यात दुसरं काय असणार? देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ मध्ये साताऱ्यात सुरू झालं. त्या तालुक्यांत कित्येक घरांतल्या पोरांच्या नावावर ते जन्मतःच लिहिलेलं असतं. सहावीच्या प्रवेशपरीक्षेला ओएमआर शीट, म्हणजे प्रश्न वाचायचा आणि दुसऱ्या कागदावर नेमका त्याच नंबरचा गोल काळा करायचा. रोज संध्याकाळी उस्ताद पोराला सराव परीक्षेला बसवायचे. केडरमध्ये कधी न चढणारा आवाज क्वार्टरमध्ये शेजाऱ्यांना ऐकू जायचा. हातही उठायचा.

मग एक दिवस शाळेची गाडी आली आणि मुलगा गाडीत नाही. दोन तास शोधाशोध. शेवटी एमटी पार्कमध्ये एका अडीच टनी गाडीच्या मागे, कॅनव्हासखाली सापडला. दप्तर उशाला घेऊन झोपला होता. गाडी रेंजवर जायला निघणार होती. ड्रायव्हरने नियमाप्रमाणे मागे जाऊन पाहिलं म्हणून बरं.

त्या दिवशी मी उस्तादांना ऑफिसात बोलावलं. विचारलं, "केडरमध्ये जवान चौथ्यांदा चुकला तर काय करता?"

"पुन्हा नमुना देतो, साहेब."

"मग घरी?"

बराच वेळ ते सावधानमध्ये उभे होते. मग म्हणाले, "तो रंगरूट असतो, साहेब. हा माझा मुलगा आहे."

मला यावर उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. पण त्यांनी रजा टाकली आणि पोराला घेऊन पुण्याच्या सरकारी रुग्णालयात गेले, मराठीत तपासणी व्हावी म्हणून. तीन खेपा झाल्या. बुद्ध्यांक चांगला निघाला. वाचन दुसरीच्या मुलाचं. डिस्लेक्सिया आणि थोडा डिस्ग्राफिया.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो, कारण लाइन्समध्ये आमच्या जवानांना हे कुणी सांगत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अडचणींची नोंद आहे आणि त्या लवकर ओळखण्याची जबाबदारी शाळेवर टाकली आहे. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सर्टिफिकेट आठव्या वर्षी, मग चौदाव्या, मग अठराव्या वर्षी, आणि शेवटचं कायमचं. बोर्डाच्या परीक्षेत जास्तीचा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. महाराष्ट्राने दहावीला त्या १९९६ मध्येच सुरू केल्या, यात आपलं राज्य बऱ्याच जणांच्या पुढे होतं. फौजेच्या 'आशा' शाळांमध्ये घालू का, असंही एका आईने आम्हाला विचारलं होतं. त्या शाळा चांगल्या, पण वेगळ्या गरजांच्या मुलांसाठी. डिस्लेक्सियावाल्या मुलाची जागा साध्या शाळेतच असते, मदतीसकट.

दुसरा फौजी उपाय म्हणजे हॉस्टेल. 'सुधारेल तिकडे.' २००७ चा 'तारे जमीन पर' सगळ्यांनी पाहिलाय, त्यातल्या पोरालाही तसंच पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये टाकतात, आणि थिएटरात रडलेले बाप पुढच्या जूनमध्ये स्वतःच्या मुलाचा हॉस्टेलचा फॉर्म भरताना मी पाहिलेत. त्या सिनेमाने या देशात जेवढं काम केलं तेवढं शंभर परिपत्रकांनी झालं नसतं. पण त्याने एक पीळही मागे ठेवला. आता असं मूल कळलं की लोक त्याच्यात दडलेला चित्रकार शोधतात. नाहीतर आइन्स्टाइनचं नाव घेतात, ज्यांची तपासणी कुणी केली नव्हती आणि आता करताही येणार नाही. उस्तादांच्या मुलाला चित्र येत नाही. कबड्डी बरी खेळतो, बस्स. वाचायला शिकण्याचा हक्क मिळवायला त्याने आणखी काहीतरी ग्रेट असणं जरुरी आहे का?

उपाय आहेत आणि ते जुने आहेत. सॅम्युएल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी १९३० च्या दशकात बसवलेली पद्धत आजही अनेक रूपांत चालते. एकेक आवाज आणि त्याचं अक्षर, क्रमाने, डोळ्याने पाहा, तोंडाने म्हणा, बोटाने गिरवा, पुन्हा पुन्हा. बायकोने हे उस्तादांना समजावलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आमचं बयान से नमूनाच की." वाळूत अक्षर गिरवायचं म्हटल्यावर त्यांनी दारूगोळ्याच्या लाकडी पेटीचं झाकण शोधून आणलं, त्यात चाळलेली वाळू भरली. आपले पणजोबा धूळपाटीवर धुळाक्षरं गिरवूनच शिकले. आणि आम्ही अधिकारी आजही हल्ल्याचे हुकूम सँड मॉडेलवर देतो, कारण चाळीस जणांना नकाशा सारखा कळत नाही हे आम्हाला ठाऊक असतं. रोज संध्याकाळी वीस मिनिटं. काही दिवस उस्ताद चिडून उठून जायचे, मग मुलाची आई बसायची. चमत्कार वगैरे झाला नाही. आठ महिन्यांनी त्याने गावच्या एसटीची पाटी मोबाइलवरच्या फोटोत वाचली, एकट्याने.

हे सगळं त्या मुलाला मिळालं ते एका पान न उलटल्यामुळे. अधिकाऱ्याच्या मुलाचं असं झालं तर आई इंटरनेट धुंडाळते, स्पेशल एज्युकेटर शोधते, आणि मेसमध्ये त्याला 'लेट ब्लूमर' म्हणतात. जवानाच्या मुलाला त्याच अडचणीसाठी 'ढ' म्हणतात. हे मला आवडत नाही, आणि वर्दीत असताना ते बोलून दाखवायलाही हरकत नाही असं मला वाटतं.

बदल्या थांबवा, असं मी म्हणणार नाही. फौज तशी चालत नाही. युद्धाच्या कामात आकडे चुकणाऱ्याला सूट द्या, असंही नाही. पण जवान कुठेही गेला तरी त्याची कागदपत्रं मागोमाग जातात. कुठला कोर्स केला, कुठला दात काढला, सगळी नोंद. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर मात्र जन्मतारीख, इयत्ता, फी भरली, वर्तणूक चांगली. वाचन कसं आहे, कुणाला काय शंका आली होती, यातलं एक अक्षर नाही. आपल्या शाळा एक पानाची वाचनाची नोंद दाखल्यासोबत देऊ शकतात. खर्च शून्य.

दुसरं, आपल्या पलटणींत आर्मी एज्युकेशन कोअरचे शिक्षक असतात. पचमढीत त्यांचं प्रशिक्षण होतं. तिथे त्यांना ही अडचण ओळखायला शिकवणारा एक आठवडा जोडला तर छावणीछावणीत एक तरी माणूस तयार होईल, जो जवानाशी त्याच्या भाषेत बोलतो आणि ज्याच्याकडे जायला जवानाला संकोच वाटत नाही. आणि युनिटमध्ये नवीन येणाऱ्याचा इंटरव्ह्यू सीओ घेतातच. 'बच्चे कहाँ पढ़ते हैं' हा प्रश्न असतोच. त्याला जोडून, घरच्या भाषेत वाचतो का, एवढं विचारायला अर्धा मिनिट लागतो. मी विचारतो. गेल्या वर्षात दोन जण थांबले, म्हणाले, 'साहेब, खरं सांगू का?'

उस्तादांची बदली झाली, आता ते दक्षिणेत आहेत. मुलगा बारा वर्षांचा, सातवीत, बोट ठेवून हळू वाचतो. सैनिक स्कूलची परीक्षा दिली नाही. गेल्या महिन्यात फोन आला होता. नव्या शाळेत रिपोर्टची फाइल स्वतः मुख्याध्यापकांना दिली, तिसऱ्या भाषेतून सूट मिळावी म्हणून अर्ज केलाय, अजून उत्तर नाही. चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी लागणार, तर त्यासाठीची रजा आत्ताच सांगून ठेवली तर चालेल का, असं विचारत होते.